मागच्याने ‘चला’ म्हणायचं

बस गं. पंख्याकडे बघू नकोस, आमच्याकडे लाइट गेली की लवकर येत नाही. दिवा पुरेल आपल्याला. आधी पाणी पी, जिने चढून आलीयेस.

तू बुटांसाठी आलीस ते कळलं मला. डेपोत कुणीतरी सांगितलं असणार, ताईंकडे डोंगरावरचे बूट नुसते पडून आहेत, तुझ्याच मापाचे आहेत, माग जाऊन. मापाचे आहेत हे खरं. दारात तू चपला काढल्यास तेव्हाच बघितलं मी. पण बूट देता येणार नाहीत. नुसतं नाही म्हटलं तर डेपोभर सांगत सुटशील, बाई किती कंजूष म्हणून. त्यापेक्षा सगळं ऐकून जा.

तू नवीन आहेस, म्हणून एक सांगते. आपल्या धंद्यात माणसाचं तोंड बघायचं नसतं, पाय बघायचे. मी बसमध्ये चढले आणि म्हटलं, ‘चला, तिकीट दाखवा’, की ज्याच्याकडे तिकीट नसतं त्याचे पाय आधी दाराकडे वळतात. तोंड मात्र खिडकीबाहेर, अगदी साळसूद. इतकी वर्षं हेच केलं, त्यामुळे संशय माझ्या अंगात मुरलाय. घरात सगळे मला चेकर म्हणतात. आई म्हणते, देव समोर उभा राहिला तरी ही त्याच्याकडे तिकीट मागेल.

तर बूट. ते घ्यायला मी आणि माझा धाकटा भाऊ गेलो होतो. त्यानेच दुपारची वेळ ठरवली, कारण दुपारपर्यंत पाय थोडे सुजलेले असतात, डोंगरावर असतात तसे. जाड मोजे घरूनच आणले होते. दुकानात कातड्याचा आणि रबराचा वास कोंडला होता, आणि एका कोपऱ्यात उतरती फळी ठेवली होती. बूट घालून तिच्यावरून खाली चालायचं. बोटं पुढे आपटली तर बूट लहान, टाच उचलली गेली तर मोठा. मी एकेक जोड घालून त्या फळीवरून उतरत होते आणि दुकानदार म्हणत होता, बाई, हा तुमच्यासाठीच बनवलाय. सगळ्याच जोडांना तो हेच म्हणत होता.

मला एक तपकिरी जोड छान बसला होता. भावाने तो माझ्या पायातून काढून घेतला, उलटा केला, तळवा बघितला आणि ठेवून दिला. दुसरा आवडला, त्याचंही तेच. माझा पाय कुठे दाबतोय, कुठे लागतोय, हे त्याने एकदाही विचारलं नाही. तो नुसते तळवे बघत होता. शेवटी वरच्या फळीवरचा एक राखाडी जोड त्याने स्वतः काढायला लावला. तळव्याला माशाच्या काट्यासारखी नक्षी, टाचेखाली एक गोल. ‘हा घाल,’ म्हणाला.

दुकानदार म्हणाला, ‘हे मजबूत आहेत. मागच्या वर्षी तुम्ही बाईसाहेबांसाठी पण हेच...’

‘बिल करा,’ भाऊ म्हणाला.

बूट जड होते. नाकापेक्षा मोती जड, असं मी म्हटलंसुद्धा. तो हसला नाही. आणि पैसे त्याने दिले. माझा भाऊ, जो चहाचे पैसे द्यायची वेळ आली की बुटाची नाडी बांधायला वाकतो, त्याने पैसे दिले. माझ्या डोक्यात तिथेच घंटा वाजली.

कारण मागच्या वर्षीच्या बाईसाहेब म्हणजे माझी वहिनी. आणि वहिनी आता नाही.

दोघंही डोंगरवेडी. भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसभर काळोख्या खड्ड्यात ग्रीस लावत बसायचं, म्हणून सुटी मिळाली की त्याला उंच आणि उघडं काहीतरी हवं असायचं. मागच्या वर्षी दोघं त्या उत्तरेकडच्या बर्फाच्या खिंडीत गेली. येताना एकटा आला, बुटांच्या तळव्यांत तिथली काळी खडी घेऊन. त्याने सांगितलं ते असं. खिंडीखाली दोघं दम खायला थांबली, धुकं उतरलं, मागून ती म्हणाली, ‘चला,’ आणि तो निघाला. मागे तिचे बूट वाजत होते. एकदोनदा तो बोलला, तिने हुंकार दिला. आसऱ्याच्या झोपडीशी पोचून त्याने वळून बघितलं, तर मागे कोणी नाही.

शोधायला गेलेल्या माणसांना ताज्या बर्फात दोघांचे ठसे मिळाले. त्याचे पुढे, आणि मागे माशाच्या काट्यासारखे, तिचे. थेट झोपडीच्या दारापर्यंत. आता तूच सांग, कोण विश्वास ठेवेल? बायको दारापर्यंत आली होती तर मग गेली कुठे? पोलिसांनी खूप विचारलं, मग पुराव्याअभावी सोडलं. वहिनीच्या माहेरच्यांनी आमचं तोंड बघायचं सोडलं. आणि मी? माझा सख्खा भाऊ, माझ्या कडेवर वाढलेला. पण संशय काय नातं विचारून येतो? रात्री पडल्या पडल्या मी हिशेब मांडायचे आणि दर वेळी तो चुकायचा.

वर्ष झालं आणि तो म्हणाला, मी परत जाणार. आईने मला बाजूला घेतलं. ‘तू जा त्याच्याबरोबर. एकटा गेला तर हा यायचा नाही परत. मला एकच मुलगा आहे गं.’ मी हो म्हटलं. आईला वाटलं मी त्याला सांभाळायला चाललेय. खरं सांगू का, मला त्याला त्या जागी उभा करून त्याचे पाय बघायचे होते.

मग सराव सुरू झाला. गावामागची टेकडी तू बघितलीस ना, वर पाण्याची टाकी आहे ती. पहाटे उजाडलं की आम्ही पाठीवर पिशव्या घेऊन चढायचो, पिशव्यांत पाण्याच्या बाटल्या. चढताना दम जातो आणि उतरताना गुडघे, आणि नवे बूट दोन्ही वेळेला चावतात. टाचेला फोड आले, अंगठ्याचं नख काळं पडलं. बूट पायाला सवयीचा करावा लागतो, नवा बूट घालून डोंगरावर जाणारा मूर्ख, असं भाऊ सांगायचा. सगळी माती लाल. घरी आलो की मोरीत लाल पाणी वाहायचं.

त्यांच्या चालण्याचा एक नियम होता, तो त्याने मला पहिल्याच दिवशी शिकवला. पुढच्याने मागे वळून बघायचं नाही. पाठीवर ओझं असतं, वाट अरुंद असते, वळलं की तोल जातो. म्हणून थांबल्यावर मागच्याची तयारी झाली की मागच्याने ‘चला’ म्हणायचं. ते ऐकल्याशिवाय पुढच्याने पाऊल उचलायचं नाही. मागच्याच्या शब्दावर पुढच्याने भरवसा ठेवायचा.

‘तू मागे राहा,’ तो म्हणाला. ‘कायम.’

मला ते बरंच होतं. चेकरला मागेच उभं राहायला आवडतं, सगळी बस दिसते. तर मी मागून त्याला बघायचे. आणि काय दिसायचं? उतरताना हा बाबा वाटेवर डोळे लावून चालायचा. आमचे वर जातानाचे ठसे बघायचा. कधी बसून काडीने मातीत काहीतरी मापायचा. एकदा मी मुद्दाम मागे रेंगाळले, तर पुढे जाऊन तो एक ठसा बुटाने घासून पुसत होता. काय करतोस म्हणून विचारलं तर म्हणाला, काही नाही, चिखल निघत नव्हता. ताकास तूर लागू देईना.

मग मी आमच्या धंद्यातली युक्ती केली. एके दिवशी न सांगता बूट घरी कपाटात ठेवले, कुलूप लावलं, आणि जुने कॅनव्हासचे बूट घालून गेले. उजाडत होतं, त्याचं लक्ष गेलं नाही. चढलो, टाकीशी पाणी प्यायलो, उतरायला लागलो. तो नेहमीसारखा खाली बघत होता. मीही बघितलं. त्याच्या ठशांच्या कडेने माशाचा काटा उमटत गेला होता. टाचेखाली गोल.

‘आता बूट छान बसले हं तुला, ताई,’ तो म्हणाला. अगदी समाधानाने. मग त्याची नजर माझ्या पायांकडे गेली.

त्याचा चेहरा असा उतरला... ‘बूट कुठेत?’ त्याने विचारलं. मी म्हटलं, घरी. तसा तो जवळजवळ पळतच खाली गेला. चोराच्या मनात चांदणं, असं मी म्हटलं मनाशी. सरळ होतं. हा आमच्या आधी येऊन ठसे उमटवून जातो. आणि ठसे उमटवायला बूट लागतात. माझे कुलपात होते. म्हणजे दुसरे बूट याच्याकडे आहेत. म्हणजे वहिनीचे. आणि वहिनीचे बूट याच्याकडे असतील तर...

पुढचं मला मनातसुद्धा म्हणवेना. तो कामाला गेल्यावर मी त्याच्या घरी गेले. आई त्याच्याकडेच राहते, ती जरा आडवी झाली होती. मी कपाट उघडलं, पलंगाखाली वाकले, माळ्यावर चढले. तिथे साड्यांच्या मागे एक खोका सापडला. त्याच दुकानाचा, त्याच मापाचा. उघडला तर रिकामा.

‘खोका तेवढा राहिलाय,’ आई मागून म्हणाली. दारात उभी होती. ‘बूट तिच्या पायात होते. खोका टाकवत नाही त्याला.’

मी खाली उतरले. आई म्हणाली, ‘तू पण?’ आणि मग म्हणाली, ‘पोलीस आले तेव्हा एवढं नव्हतं गं दुखलं मला.’

मला धरणी दुभंगावी आणि पोटात घ्यावं असं वाटलं. पण बघ हं माझा स्वभाव, त्या क्षणीसुद्धा डोक्यात हेच चाललं होतं, इथे नाहीत तर त्याने लपवले कुठे.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. आईने सांगितलं असणार. चिडेल असं वाटलं होतं, तर चहा मागितला आणि कप हातात धरून बसून राहिला.

‘परत आल्यापासून आहेत ते,’ म्हणाला. ‘मी टेकडीवर एकटा गेलो तरी उतरताना माझ्या मागे तिचे ठसे. पहिल्यांदा वाटलं, कोणीतरी तसलेच बूट घालून येतं. मग भल्या पहाटे, पाऊस पडून गेल्यावर गेलो, कोणी नसताना. तरी होते.’

‘आणि म्हणून मला तेच बूट घेतलेस?’

‘त्या ठशांना पाय हवे होते, ताई. मागे तू असलीस की मला म्हणता यायचं, ते तुझे आहेत. रात्री झोप लागायला लागली होती मला.’

मी त्याचे पाय बघितले. चहाच्या टेबलाखाली, एकमेकांना चिकटलेले, गप्प. दाराकडे वळलेले नव्हते. तरी मी विश्वास ठेवला नाही. अर्धा ठेवला म्हण. ‘उद्या बूट घालून येते,’ एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी धुकं होतं. टाकी दिसत नव्हती, खालचा रस्ता दिसत नव्हता, आणि भाऊ म्हणजे नुसती निळी सॅक, तीही अधूनमधून. ओल्या मातीचा वास आणि त्यात गंजाचा, टाकीच्या पाइपांचा. आवाज फक्त बुटांचे. त्याचा, माझा, त्याचा, माझा. मी कान देऊन ऐकत होते, तिसरा काही नव्हता.

वाकड्या झाडाच्या अलीकडे आम्ही थांबलो. तिथून उजवीकडे वाट टाकीला जाते आणि डावीकडे दगडाच्या जुन्या खाणीकडे. खाणीला कठडा नाही, तू कधी गेलीस तर जपून. तो पुढे काठीवर रेलून उभा होता, पाठ माझ्याकडे. माझी नाडी सुटली होती. एक हातमोजा काढून मी दातात धरला आणि वाकून गाठ मारायला लागले. दातात हातमोजा होता, हे लक्षात ठेव. मी बोलूच शकत नव्हते.

‘चला.’

मागून. अगदी जवळून.

आपला आवाज आपल्याला ओळखू येत नाही म्हणतात. मला येतो. दोन वर्षांपूर्वी डेपोने बसमधल्या सूचना माझ्या आवाजात रेकॉर्ड करून घेतल्या होत्या, पुढे सरका, दारात उभे राहू नका, चला. दिवसभर मी माझाच आवाज ऐकत हिंडायचे. त्या ‘चला’तला ‘ला’ थोडा ओढलेला, घशातून आलेला. तो माझा होता... शंभर टक्के माझा.

आणि पुढे भाऊ निघाला.

मी मागे बघितलं. का नाही बघणार, मला कोणी नियम घातला नव्हता. मागे धुकं होतं, वाट होती, आणि वर आलेले माझे ठसे. बाकी काही नाही. मग पुढून आवाज यायला लागला. दोन माणसांच्या बुटांचा... माझ्या अंगावरून कोणी गेलं नव्हतं. वाट एका माणसापुरतीच आहे, गेलं असतं तर धक्का लागला असता.

मी चार पावलं पुढे आले आणि खाली बघितलं. भावाचा ठसा, आणि त्याच्या वर, अर्धा त्याच्यावर पडलेला, माशाचा काटा. ताजा. त्यात पाणी हळूहळू भरत होतं. मी तिथे अजून पाय ठेवलेला नव्हता. मग ठेवला. अगदी नेमका बसला.

पुढे भाऊ बोलत होता. ‘आज दम लागत नाही वाटतं तुला.’

‘हं,’ मी म्हणाले. म्हणजे... ते म्हणालं. हसून.

ठसे वाकड्या झाडाशी डावीकडे वळले होते.

पाठीवरची पिशवी मी तिथेच टाकली आणि धावले. ‘थांब,’ ओरडले. धुक्यातून त्याचा आवाज आला, गोंधळलेला, ‘आत्ता चला म्हणालीस, आता थांब काय?’ आणि लगेच त्याच्या जवळून, मायेने, माझ्या आवाजात, ‘चला... चला.’ बूट परत वाजायला लागले. मला कळून चुकलं की माझ्या आवाजाचा आता उपयोग नाही. मी लांबून ओरडतेय, ते कानाशी बोलतंय. काय ओरडू? काय ओरडलं की त्याला कळेल ही मी आहे?

लहानपणी मी याला बोळात अडवायचे. डोक्यावर बाबांची टोपी, हातात पट्टी. तिकीट दाखव, नाहीतर खाली उतर. आणि हा खिशात हात घालून पान, खडा, काय असेल ते काढून द्यायचा. का कोण जाणे, तोंडातून तेच निघालं. बोळातल्यासारखं, बारीक आवाजात. ‘तिकीट दाखव, नाहीतर खाली उतर.’

बूट थांबले.

मी पोचले तेव्हा तो एक हात खिशात घालून उभा होता, अर्धवट हसत. दुसऱ्या हातातली काठी पुढे टेकायला निघाली होती आणि तिच्याखाली काही नव्हतं. खाणीतून गार हवा वर येत होती. मी त्याच्या सॅकचा पट्टा धरून मागे ओढला, तसे दोघंही लाल चिखलात बसलो.

‘मी चला म्हटलं नव्हतं,’ मी म्हटलं.

त्याला समजायला वेळ लागला. मला वाटलं घाबरेल. तो रडायला लागला, गं. लहान मुलासारखा, हुंदके देऊन. ‘म्हणजे तिनेही म्हटलं नव्हतं,’ म्हणाला. ‘म्हणजे मी खरंच ऐकलं होतं. मी तिला टाकून नाही आलो, ताई.’ वर्षभर त्याने स्वतःवरच संशय घेतला होता. आणि मी, त्याची सख्खी बहीण, मीही त्यात भर घातली. मी त्याचं डोकं पोटाशी धरलं आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं बोलणं पुरावा न मागता खरं मानलं.

मग मी ठरवलं. खिंड बंद. आईची शपथ घातली त्याला. टेकडीवरसुद्धा एकटं जायचं नाही, आणि कुठेही मागून माझा आवाज आला तर ‘तिकीट’ ऐकल्याशिवाय हलायचं नाही. तो शब्द आमच्या दोघांचा. त्याने मान हलवली. मी बूट धुतले, आत कागदाचे बोळे भरले, आणि बाकाखाली सरकवून दिले. महिना झाला त्याला. डेपोत मी सांगितलं, मला जमत नाही बाई डोंगर, बूट पडून आहेत. तेच तुझ्या कानावर आलं.

आज दुपारी मी आईकडे गेले होते. आई म्हणाली, तो कामाला गेलाय बाहेरगावी, नवीन लिफ्ट बसवायला, परवाच. मी खुंटीकडे बघितलं. निळी सॅक नव्हती.

फोन लावला. एकदा, दोनदा, लागेना. मग लागला. वारा इतका होता की आधी तेवढंच ऐकू येत होतं.

‘ताई?’ धापा टाकत होता, पण आवाज खुशीत. ‘अगं मागे चालतेयस आणि फोन कशाला करतेस?’

मी म्हटलं, कुठे आहेस तू.

‘तुझ्यापुढेच आहे की. शपथ मोडली, माफ कर. तिला एकदा शोधल्याशिवाय मला राहवेना. पण मला माहीतच होतं तू मागोमाग येणार. सकाळी खिंडीखालच्या गावातून निघालो आणि मागून तुझं ‘तिकीट’ ऐकलं, तेव्हा जिवात जीव आला.’

‘वळून बघितलंस का?’

‘पुढच्याने बघायचं नसतं. आणि बघायचंय कशाला, तुझे बूट वाजतायत ना.’

‘मी घरी आहे,’ मी म्हटलं. ‘आईकडे आहे. ऐक माझं. मी आईच्या खुर्चीत बसलेय. तिथेच बस, हलू नकोस, आणि मागे...’

तेव्हा फोनमधून ऐकू आलं. त्याच्यापासून थोडं मागे, वाऱ्यातून. बोळातल्यासारखं, बारीक आवाजात.

‘तिकीट दाखव... चला.’

भाऊ हसला. ‘बघ, कशी थट्टा करतेस,’ म्हणाला. ‘ठेवतो हं, बोटं गारठली.’

त्यानंतर फोन लागलेला नाही. खिंडीखालच्या गावात फोन केला, तिथल्या खानावळवाल्याला विनवण्या केल्या. तो म्हणाला, वर धुकं आहे, सकाळी माणसं पाठवतो. आईला काही सांगितलेलं नाही. सकाळच्या पहिल्या गाडीने मी निघतेय. म्हणून म्हटलं, बूट देता येणार नाहीत. मलाच लागणार आहेत. वाटभर एकच विचार करायचाय, पोचले तर त्याला मागून काय हाक मारू. होता तो एक शब्द, तोही गेला.

तू यायच्या जरा आधी मी ते बाकाखालून काढले. हे बघ. मी भरलेले कागदाचे बोळे बाजूला नीट रचून ठेवलेले होते. मी नाही ठेवले, घरात दुसरं कोणी नाही. आणि बुटाच्या तळव्याजवळ दिवा धर जरा. खडी अडकलीये, दिसली? आपल्या टेकडीची माती लाल आहे. ही काळी आहे.

थांब, जाऊ नकोस इतक्यात. हात घाल आत. मी मघाशी घातला तेव्हा वाटलं, मला भास होतोय, म्हणून तुला सांगतेय. अगदी बोटांपर्यंत घाल.

गरम आहे ना?